एका गाडीत एक माणूस

तीन महिन्यांत चौथ्यांदा पेट्रोल उतरलं, आणि त्या दिवशी पंपावरची माणसं अशी हसत उभी होती, जणू भाव त्यांनीच घासाघीस करून पाडला होता.

"अजून उतरणार आहे. आज अर्धीच टाकी भर," रांगेतला एकजण म्हणाला.

"आणि उरलेली अर्धी काय तुझ्या थुंकीनं भरू?" त्याच्या पुढचा म्हणाला.

सगळे हसले. मागच्या वर्षी याच रांगेत याच माणसांनी महागाईच्या नावानं बोटं मोडली होती. आता गाडी घ्यायची तर विजेवरचीच, असं एकमेकांना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. आता विजेचं नावही कुणी काढत नव्हतं. माणसाची अक्कल किती दिवस टिकते ते बघायचं असेल, तर पंपावरच्या पाटीवरचा आकडा बघावा.

रांगेतल्या एका गाडीत चौघं होते. स्टीअरिंगवर स्टोअरकीपर, कारण तो आठवडा त्याचा. शेजारी फिटरकाका, वय सत्तावन्न, तोंड बंद ठेवायची सवय नाही. मागे बिलांचा कारकून, आणि त्याच्या बाजूला काचेच्या बाटल्यांवर नजर ठेवणारी तपासनीस बाई. चौघं बाटल्यांच्या कारखान्यात. कारखाना गावापासून बावीस किलोमीटर, पहिली पाळी सकाळी सातला.

पेट्रोल महागलं तेव्हा चौघांनी जमवून घेतलं होतं. एक आठवडा एकाची गाडी, पुढचा दुसऱ्याची. बाईंकडे गाडी नव्हती आणि होणारही नव्हती. लहानपणापासून त्यांना आकडी यायची. शेवटची येऊन नऊ वर्षं झाली होती, पण लायसन्सच्या खिडकीत नऊ वर्षं धरत नाहीत, आकडी धरतात. म्हणून बाई पेट्रोलचा वाटा द्यायच्या आणि वर रोज पहाटे पाचला तिघांना मिसकॉल द्यायच्या. त्यावरून गाडीत त्यांचं नाव पडलं होतं भोंगा. दोन वर्षांत एकदाही कुणाला उशीर झाला नाही.

"आता एक सांगतो, राग मानू नका," गाडी पंपाबाहेर काढता काढता स्टोअरकीपर म्हणाला. "सोमवारपासून मी माझा माझा जाईन. बायकोला सकाळी तिच्या आईकडे सोडायचं असतं."

"सकाळी सहाला?" फिटरकाकांनी विचारलं.

"म्हातारी लवकर उठते."

स्टोअरकीपरची सासू तीन वर्षांपूर्वी वारली होती आणि तिला पोचवायला हे तिघंही गेले होते.

"ताई, तेवढा मिसकॉल मात्र देत जा हं," स्टोअरकीपर आरशात बघून म्हणाला. "तुमच्याशिवाय जाग येत नाही."

बाईंनी आणखी आठवडाभर त्याला मिसकॉल दिला. मग एक दिवस त्याचा नंबर खोडला. त्या दिवशी तो वीस मिनिटं उशिरा पोचला आणि दुपारी घड्याळ विकत घेऊन आला. त्यात काही वाईट वाटून घेण्यासारखं नव्हतं. ताकापुरती आजीबाई, हे काही आजचं नाही.

पुढच्या पंधरवड्यात कारकून गेला. त्यानं सासू उभी केली नाही. तो सरळ म्हणाला, "बाई, मला गाडीत सिगारेट ओढायला आवडतं, आणि एकटं असायला आवडतं. पेट्रोल महाग होतं म्हणून तुम्ही सगळे आवडत होतात." खरं बोलला म्हणून बाईंना त्याचा राग आला नाही. राग आला तो हे ऐकून आपल्याला नवल वाटलं नाही याचा.

उरले फिटरकाका. "मी आहे ना," ते म्हणाले. "तू कशाला घाबरतेस? पेट्रोल फुकट वाटलं तरी मी तुला नेईन."

बाई घाबरल्या होत्या, आणि त्याला कारण होतं. तपासणीवर महिन्यात तीन उशीर झाले की माणसाला काढून पॅकिंगला टाकत. पॅकिंग रोजावर. काम असेल त्या दिवशी पैसे, नसेल त्या दिवशी राम राम. बाईंनी दोन वर्षांपूर्वी भावाचं घर सोडून दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. भाऊ वाईट नव्हता, वहिनी वाईट नव्हती. पण त्या घरात प्रत्येक वेळी दिवा लावताना वहिनी म्हणायची, "वन्सं, वाचताय का? नाही, नुसतं विचारलं." दोन खोल्यांत दिवा लावला तर कुणी काही विचारत नव्हतं. रोजावर त्या खोल्या टिकल्या नसत्या. मग पुन्हा वहिनीचा दिवा.

पूर्वी कारखान्याची बस होती. बाई कामगार अधिकाऱ्याकडे गेल्या आणि बस परत सुरू करा म्हणाल्या.

अधिकारी सज्जन माणूस होता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि कपाटातून एक फाइल काढून त्यातला कागद बाईंसमोर ठेवला.

"हे अक्षर कुणाचं?"

बाईंनी बघितलं. अक्षर वळणदार होतं, रेघा सरळ, समास सोडलेला. आम्ही खाली सही करणारे आपसांत गाड्या वाटून येत असल्यामुळे आम्हांला बसची गरज नाही. तरी बस बंद करून आम्हांला गेटजवळ शेडखाली गाड्या लावायला जागा द्यावी ही विनंती.

"माझं," बाई म्हणाल्या.

सगळ्या खात्यांत बाईंचं अक्षर चांगलं म्हणून तेव्हा अर्ज त्यांनी लिहिला होता. पहिली सहीही त्यांचीच. शेडच्या सावलीसाठी. ज्यांच्याकडे गाड्या होत्या त्यांच्या गाड्या उन्हात तापू नयेत म्हणून, जिच्याकडे गाडी नव्हती तिनं बस बंद करून दिली होती. कुणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं, पण कागद समोर होता.

"दोन वर्षांत आपण विजेवरची बस आणतोय," अधिकारी म्हणाला. "छपरावर सौर पॅनल बसवणार, त्यावरच चार्जिंग. आराखडा तयार आहे. बघायचाय?"

"तोपर्यंत मी कशी येऊ?"

"तोपर्यंत..." त्यानं उचललेली आराखड्याची गुंडाळी पुन्हा कोपऱ्यात उभी केली. "तीस सह्या आणा. रोज बसनं येणारे तीस. मी वर पाठवतो."

बाईंनी पुन्हा वळणदार अक्षरात अर्ज लिहिला आणि जेवणाच्या सुट्टीत टेबलाटेबलावर फिरल्या.

"ताई, बस म्हणजे अर्धा तास आधी उठणं आलं," भट्टीवरचा म्हणाला.

"सही करीन हो, पण मी येणार नाही बसनं. चालेल?" दुसरा म्हणाला.

"पेट्रोल पुन्हा चढलं की बघू," तिसरा म्हणाला. "चढतंच ते. चढल्याशिवाय राहतंय का?"

"चढेल तोवर मी पॅकिंगला असेन."

"मग पॅकिंगला येऊन भेटू." तो हसला. मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि तो घास चावत खाली बघत राहिला. पण सही केली नाही.

दोन दिवसांत सात सह्या झाल्या. त्यातल्या तीन झाडूवाल्या बायकांच्या. त्या कारखान्याच्या मागच्याच वस्तीत राहायच्या आणि चालत यायच्या. "तुमचं काम होत असेल तर आमचं काय जातंय," त्या म्हणाल्या. बाईंनी त्या तीन सह्या स्वतःच खोडल्या. उरल्या चार. अर्ज घडी करून पर्समध्ये गेला.

त्या रविवारी दुपारी फिटरकाकांची बायको खोलीवर आली. दोन जिने चढून दमली होती. खुर्चीवर बसली, खोली बघितली, पंख्याखाली सरकली.

"छान ठेवलंयस हो."

"काकू, चहा टाकते."

"नको. बोलते आणि जाते, नाहीतर चहा पिऊन बोलवणार नाही." काकूंनी पदरानं मान पुसली. "चौघं होतात तेव्हा कुणी तोंड उघडलं नाही. आता गाडीत दोघंच. माझा त्याच्यावर विश्वास आहे गं. त्याला साधं खोटं बोलता येत नाही, तो काय दिवे लावणार आहे. पण समोरची विचारते, हल्ली तुमचे हे रोज कुणाला घेऊन जातात? मी किती जणींना उत्तर देऊ?"

"मी मागच्या सीटवर बसते, काकू."

"मागे बसलीस तर म्हणतील, बघा, लपवून नेतो."

दोघींना हसू आलं. हसून झाल्यावरही काकू उठल्या नाहीत.

"त्यांनी पाठवलं तुम्हांला?" बाईंनी विचारलं.

"तो गाडीत बसलाय खाली. वर यायचं धाडस नाही त्याचं."

बाईंनी खिडकीतून खाली बघितलं. रस्त्याच्या कडेला फिटरकाकांची गाडी उभी होती, काचा वर, इंजिन चालू. आत गार हवेत काका बसले होते. काकू वर आल्यापासून ते तसेच बसून होते. पूर्वी सिग्नलला गाडी थांबली तरी ते इंजिन बंद करायचे.

"सांगा त्यांना, मी माझं बघते," बाई म्हणाल्या.

सोमवारी त्या शेअर रिक्षानं फाट्यापर्यंत गेल्या आणि पुढचे चार किलोमीटर चालल्या. अकरा मिनिटं उशीर. मंगळवारी आणखी लवकर निघाल्या, पण रिक्षावाला गाडी भरेपर्यंत हलला नाही. नऊ मिनिटं उशीर. गेटवरच्या रखवालदारानं वहीत लाल रेघ मारली आणि म्हणाला, "दोन झाले, बाई. तिसरा मला लिहायला लावू नका." महिन्याचे अजून सोळा दिवस बाकी होते.

बुधवारी सुट्टी झाल्यावर बाई मागच्या गेटला गेल्या, जिथं फुटक्या काचेचा ट्रक येतो. गावातली फुटकी काच गोळा करून रोज तिथं आणतात आणि भट्टीत वितळवून तिच्या पुन्हा बाटल्या करतात. ट्रकवाला चाकाशी उभा राहून हातमोजे काढत होता.

"तुम्ही गावातून किती वाजता निघता?"

"साडेपाच."

"केबिनमध्ये जागा असते?"

त्यानं बाईंकडे बघितलं, त्यांच्या पर्सकडे बघितलं. "काच भरलेली असते. आवाज लई होतो."

"मला चालतो."

"काट्यावर चढायच्या आधी उतरावं लागेल. नाहीतर तुमचं वजन काचेत धरतील आणि माझ्यावर बालंट यायचं."

"उतरेन. लोक बोलतात, त्याचं काय?"

"आमच्याबद्दल कोण बोलणार?" ट्रकवाला म्हणाला. "ट्रकवाल्याबद्दल जे बोलायचं ते आधीच बोलून झालंय."

गुरुवारी साडेपाचला बाई केबिनमध्ये चढल्या. मागे दहा टन काच खडखडत होती. बोलायचं तर ओरडावं लागत होतं, म्हणून दोघंही बोलले नाहीत. सव्वासहाला ट्रक फाट्यावर वळून दीडेक किलोमीटर पुढे आला आणि थांबला.

पुढे कारखान्यापर्यंतचा रस्ता गाड्यांनी भरलेला होता. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंनी चर. गेटसमोर दोन गाड्या एकमेकींना घासल्या होत्या आणि त्यांचे मालक वाद घालत होते, असं समोरून आलेल्या सायकलवाल्यानं सांगितलं. ट्रकवाल्यानं इंजिन बंद केलं. बाकी कुणी केलं नव्हतं.

केबिन उंच होती. बाईंना खालच्या गाड्यांच्या आत सरळ दिसत होतं. एका गाडीत एक माणूस. पुढच्या गाडीत एक माणूस आणि शेजारच्या सीटवर डबा. त्याच्या पुढे एक माणूस. कुणी दाढी करत होता, कुणी झोपला होता. बाईंना मोजायची सवय होती, दिवसभर त्या बाटल्याच मोजायच्या. चाळीस गाड्यांपर्यंत मोजलं आणि सोडून दिलं.

साडेसहाला रांग एक गाडीभर सरकली. सहा चाळीसला तिथंच.

"किती लांब आहे इथून?" बाईंनी विचारलं.

"अडीच किलोमीटर असेल. पायी निघा तुम्ही. माझं काय, काच नासत नाही."

बाई उतरल्या. साडीचा पदर खोचला, चप्पल हातात घेतली आणि चराच्या कडेनं पळत सुटल्या. कित्येक वर्षांत त्या पळाल्या नव्हत्या. धाप लागली की चालायच्या, थोडा दम खाल्ला की पुन्हा पळायच्या. दोन्हीकडून धूर येत होता. गाड्यांमधून माणसं मान वळवून बघत होती.

अर्ध्या वाटेवर एक काच खाली झाली. स्टोअरकीपर होता.

"ताई, अहो पळताय काय? बसा की. गाडी रिकामीच आहे."

"तुमची गाडी उभी आहे," बाई म्हणाल्या आणि थांबल्या नाहीत.

त्याच्यापुढे सात गाड्या सोडून कारकून होता, धुरात. त्यानं हात वर केला. फिटरकाकांची गाडी गेटच्या बरीच अलीकडे होती. काकांनी बाईंना बघितलं, आणि समोर काही महत्त्वाचं चाललंय अशा तोंडानं समोर बघत राहिले.

सहा अठ्ठावन्नला बाई गेटवर पोचल्या. बोलता येत नव्हतं. रखवालदारानं घड्याळ बघितलं, वही बघितली, आणि निळ्या शाईनं वेळ लिहिली.

सातला भोंगा झाला. तपासणीच्या बारा जागांपैकी चार भरलेल्या होत्या. भट्टी कुणासाठी थांबत नाही. बाटल्या पट्ट्यावरून येऊ लागल्या होत्या, अजून गरम.

सुपरवायझर धावत आला. "बाई, तुम्ही आलात, बरं झालं. बाकीचे येईपर्यंत तीन पट्टे बघा."

"तीन?"

"मग कुणाला सांगू? वेळेवर तुम्ही चौघंच आलात."

बाईंनी चप्पल पायात घातली आणि तपासणीच्या दिव्यासमोर उभ्या राहिल्या. तळव्याला खडा रुतला होता, तो काढायला सवड नव्हती. पहिल्या पट्ट्यावर तडा गेलेली बाटली आली. त्यांनी ती उचलून टाकली. दुसऱ्या पट्ट्यावरची त्यांच्या हातून सुटली, तिसऱ्यावरची सापडली.