बादलीतलं पाणी पिणारा नळ

मित्रांनो, मी एक चिडलेला पाइप आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर तुम्ही दचकणार नाही. एका उंच इमारतीत, गच्चीवरच्या टाकीपासून थेट तळमजल्यापर्यंत, मी वर्षानुवर्षं उभा आहे. माझी बांधणी तुमच्यापेक्षा उलटी आहे. माझं डोकं जाड आणि पाय बारीक. वरून निघालेलं पाणी घराघरांत वाटत खाली जायचं, म्हणजे खाली पोचेपर्यंत ओझं हलकं होत जातं. मग खालच्या टोकाला जाडजूड असून करायचं काय?

माझा जन्म लोखंडाच्या कारखान्यात झाला. अंगावर जस्ताचा थर चढला, टोकांना आटे पाडले गेले आणि मी एका ट्रकमधून खडखडत या इमारतीत आलो. पण माझं माप त्याच्या कितीतरी आधी ठरलं होतं. ते ठरवलं एका इंजिनिअरताईने. ती केसांत पेन्सिल खोचायची, विसरायची आणि मग टेबलभर ती शोधत बसायची. तिने प्रत्येक घरातले नळ मोजले. बेसिनच्या नळाला थोडे गुण, शॉवरला त्याहून जास्त, असे सगळ्यांना गुण दिले, बेरीज केली आणि मग त्या बेरजेला बरीच कात्री लावली.

ठेकेदाराला ते पटेना. तो म्हणाला, आणखी जाड पाइप घाला, पाण्याला जोर येईल. ताईने त्याला समजावलं की जोर पाइपाच्या जाडीतून येत नाही, टाकी किती उंचावर आहे त्यातून येतो. आणि सगळे नळ कधीच एका वेळी उघडत नाहीत. कोणी आंघोळ करत असतो तेव्हा कोणी झोपलेला असतो, कोणी कामावर गेलेला असतो.

"तुमच्या घरी तरी सगळे एकदम आंघोळीला जातात का?" तिने विचारलं.

"तीन मुली आहेत माझ्या," ठेकेदार म्हणाला. "एकदमच जातात. भांडणं त्यावरूनच होतात."

ताई हसली, पण माप तिने बदललं नाही. आणि तिचं बरोबरच होतं. पुढची कित्येक वर्षं मी सर्वांना पुरलो. खालच्यांना भरपूर मिळालं, वरच्यांना बेताचं पण न चुकता मिळालं. माझं कौतुक कोणी केलं नाही. नळ सोडल्यावर पाणी आलं तर पाइपाची आठवण कोणाला होते? मला त्याचं वाईट वाटायचं नाही. राग आला तो पुढच्या गोष्टीचा.

एका वर्षी पाण्याची टंचाई झाली. इमारतीचे सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांना सगळे पाठीमागे 'नियमकाका' म्हणतात, कारण लिफ्टमध्ये कोणी कुठे उभं राहायचं याचाही नियम त्यांनी केला आहे. काकांनी सभा बोलावली आणि जाहीर केलं की माझ्या डोक्यावरचा, टाकीजवळचा वॉल्व्ह दिवसभर बंद राहील. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास पाणी सुटेल. वॉल्व्हचं चाक आणि टाकीचं झाकण यांना मिळून एक साखळी लावली गेली, साखळीला कुलूप, आणि कुलपाची एकुलती एक किल्ली काकांच्या सदऱ्याच्या खिशात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणी इंजिनिअरताईला फोनही केला नाही.

आता काय झालं असेल, तुम्हीच सांगा. पाण्याचा तास सुरू झाला की घराघरांतले सगळे नळ एकदम उघडायला लागले. पिंपं, बादल्या, पातेली, कुकर, फुलदाण्या, जे म्हणून पाणी धरू शकतं ते नळाखाली आलं. उरलेलं कालचं पाणी शिळं म्हणून मोरीत ओतलं जायचं. वाचवायचं राहिलं बाजूला, उधळपट्टीच सुरू झाली.

आणि माझे हाल तर विचारूच नका. खालचे सगळे नळ माझ्या अंगातलं पाणी असं खेचायचे की टाकीतून येणारं पाणी मला पुरं पडेना. माझा वरचा भाग पोकळ पडायला लागला. तुम्ही सरबताच्या ग्लासात नळी घालून ओढता ना, तसा मी वरच्या मजल्यांवरच्या नळांतून हवा ओढायला लागलो. तिथले नळ पाणी द्यायचं सोडून फुसफुस करत श्वास आत घ्यायचे. मला ते नको होतं, मित्रांनो. पण मी पाइप आहे. मला जसं वागवाल तसंच मी वागणार.

सगळ्यात वरच्या मजल्यावर एक नर्स भाड्याने राहते. सगळे तिला सिस्टर म्हणतात. घरात ती आणि तिची आई, दोघीच. आई अंथरुणाला खिळलेली. रोज चादरी बदलाव्या लागतात, अंग पुसावं लागतं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कुशीवर वळवावं लागतं. पाण्यावाचून यातलं काहीच होत नाही. तास संपता संपता, खालच्यांची पिंपं भरली, की तिच्या नळाला धार यायची, तीही करंगळीएवढी. म्हणून सिस्टर नळ उघडाच ठेवायची. नळाला रबरी नळी लावायची आणि नळीचं टोक बादलीच्या थेट तळाशी सोडायची. का, माहीत आहे? बादलीत धो धो आवाज होऊन आईची झोप मोडू नये म्हणून. रात्रभर कण्हून सकाळी तिचा डोळा लागलेला असायचा.

त्याच बादलीत मळलेल्या चादरी फिनाइलच्या पाण्यात भिजत असायच्या.

तुमच्या लक्षात आलंच असेल. खालून ओढ बसली की ते पाणी नळीतून वर चढायचं आणि माझ्यात यायचं. मी घशात बोट घातल्यासारखा गुरगुरलो, भिंतीत थरथरलो, पण ते पाणी घेऊन खाली गेलो. लोकांच्या स्वयंपाकघरांत गेलो. काकांच्या नातवाला उलट्या झाल्या, आणखी दोन-तीन घरांत पोटं बिघडली. पाण्याला वास कशाचा, तर फिनाइलचा. इमारतीत एवढं फिनाइल कोण वापरतं, तर सिस्टर. झालं. चौकशी संपली.

जिन्यात लोक जमले. काका तिच्या दारात उभे राहून म्हणाले की घरात आजारी माणूस आहे म्हणून आजवर गप्प बसलो, आता बसणार नाही. तिने टाकीत काहीतरी ओतलं असं त्यांचं म्हणणं.

"काका, टाकीची किल्ली तर तुमच्याकडे असते," सिस्टर म्हणाली.

"तेच म्हणतो मी. कशी काय उघडली तुम्ही?"

हसू येतं ना? मला तेव्हा नाही आलं. घरमालकाला फोन गेला, आणि महिन्याच्या आत घर रिकामं करायचं असं ठरलं. अंथरुणावरून उठता न येणाऱ्या बाईला घेऊन ती कुठे जाणार, हे कोणी विचारलं नाही. मी मात्र गुरगुरलो त्याची दखल घेतली गेली. पाइप म्हातारा झालाय, बारीकही आहे, कापून भंगारात घालू, असं ठरलं.

सिस्टरने बांधाबांध सुरू केली. एका सकाळी, पाण्याच्या तासाला, ती न्हाणीघरात भांडी गुंडाळत बसली होती. तिची नजर बादलीवर गेली. बादली भरायच्या ऐवजी रिकामी होत होती. तिने नळी उपसून काढली आणि नळाच्या तोंडाला तळवा लावला. मी तिचा तळवा घट्ट ओढून धरला. एवढंच मला करता येत होतं. तिने एकदा नळाकडे पाहिलं, एकदा फिनाइलच्या बादलीकडे, आणि तिला सगळं उलगडलं.

दुसऱ्या दिवशी ती काकूंकडे गेली. काकू म्हणजे नियमकाकांची बायको. त्यांना महिनोन् महिने इंजेक्शनं हिनेच दिली होती, आणि जिन्यातल्या त्या प्रकारानंतर काकू हिच्या नजरेला नजर देत नव्हत्या. सिस्टरने एवढंच सांगितलं की उद्या पाणी सुटल्यावर नळाखाली पांढरं पातेलं धरा, आणि ते पाणी पिऊ नका.

सकाळी तिने स्वच्छ बादली घेतली, नवी नळी घेतली, आणि बादलीतल्या पाण्यात कपड्यांची नीळ कालवली. नळ उघडला. मी ते पाणी ओढलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी आनंदाने ओढलं. मजल्यामागून मजला मी ते खाली नेलं आणि काकूंच्या पांढऱ्या पातेल्यात सोडलं. आधी स्वच्छ पाणी आलं, मग फिकट, मग चांगलं निळं.

तोवर सिस्टर खाली येऊन पोचली होती. काकांनी पातेल्यात डोकावून पाहिलं.

"म्हणजे घाण तुमच्याच बादलीतून येत होती," ते म्हणाले. "मी वेगळं काय म्हणत होतो?"

काकूंनी पातेलं ओट्यावर ठेवलं. "अहो, तिचा नळ तिच्या बादलीतलं पाणी प्यायला," त्या म्हणाल्या. "नळावर ही पाळी कोणी आणली? ती आईचं अंग पुसायला करंगळीएवढ्या धारेची वाट बघत बसते, आणि आपण इथे फुलदाण्या भरून ठेवतो. किल्ली द्या."

काका म्हणाले की असं एकट्याने ठरवता येत नाही, सभा घ्यावी लागेल. काकूंनी खुंटीवरचा सदरा काढला, खिसा उलटा केला आणि किल्ली घेऊन त्या चालू लागल्या, सिस्टर त्यांच्या मागोमाग. गच्चीचे शेवटचे जिने त्या गुडघ्यांवर हात ठेवून चढल्या. काका तासापुरतंही चाक अर्धंच उघडायचे, त्यापुढे ते गंजलं होतं. दोघींनी मिळून ते पुरतं फिरवलं आणि साखळी काढून टाकली. घरमालकाला फोनही काकूंनीच केला, आणि तो करताना त्यांचा आवाज मला सहाव्या मजल्यापर्यंत ऐकू आला.

आता पाणी दिवसभर असतं. लोक लागेल तसं घेतात, पूर्वीपेक्षा कमीच घेतात, आणि मी सर्वांना पुरतो. मला कापायचं कोणी पुन्हा बोललेलं नाही. सिस्टर आणि तिची आई इथेच आहेत. काकांनी अजून माफी मागितलेली नाही. लिफ्टमध्ये सिस्टर भेटली की ते मजल्यांचे आकडे वाचत बसतात.

माझा राग मात्र काकांवर फारसा नाही. ऐका, कोणावर आहे ते. सिस्टरच्या खालच्या मजल्यावरचे, त्याच्याही खालच्या मजल्यावरचे नळ रोज तशीच फुसफुस करायचे. त्या घरांतली मोठी शहाणी माणसं ती ऐकायची. तीच माणसं त्या दिवशी जिन्यात उभी होती. आमचाही नळ हवा ओढतो, एवढं एक वाक्य कोणी बोललं असतं तर खूप झालं असतं. कोणी बोललं नाही. आपल्याला काय करायचंय, म्हणून सगळे आपापल्या घरी जेवायला गेले.

तेव्हा मित्रांनो, नळी बादलीत बुडवून ठेवू नका, नळाचं तोंड आणि पाणी यांच्यात चार बोटांची जागा सोडा, आणि सगळे मिळून एकदम नळावर तुटून पडू नका. हे झालं माझ्यापुरतं. पण उद्या जिन्यात कोणाला असं घेरलेलं दिसलं आणि तुमच्या नळानेही तशी फुसफुस केलेली असेल, तर पुढे होऊन सांगा. मी भिंतीच्या आत आहे. मला तिथवर येता येत नाही.