तहानलेलं पिंप

मी एक जुनं लाकडी पिंप आहे, मित्रांनो. बुऱ्हाणपूरजवळच्या एका केळीच्या मळ्यात, पडवीत माझा मुक्काम असतो. वास आला तर नाक मुरडू नका, माझा भूतकाळ जरा रंगीत आहे.

ओकच्या फळ्या आगीवर शेकून वाकवल्या, लोखंडी कड्या ठोकल्या आणि मी जन्मलो. आधी माझ्या पोटात गोड द्राक्षांची दारू होती. ती गेली, पण तिची मनुकांसारखी गोडी फळ्यांत मुरून राहिली. मग व्हिस्की आली. दुसऱ्या पिंपात वर्षानुवर्षं मुरूनही ती तिखटच होती. शेवटचे काही महिने माझ्याकडे राहिली आणि लालसर, मऊ, मनुकांच्या चवीची होऊन निघाली. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला! माझं तेव्हा फार कौतुक झालं. पुढे माझी गोडी थोडी ओसरली आणि मला भंगारात काढलं.

तिथून या मळ्याच्या मालकीण वैजयंतीताईंनी मला आणलं. वादळात आडव्या पडलेल्या बागेतली केळी वाया जाऊ नयेत म्हणून ताईंनी त्या केळ्यांचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, घातला होता. तो त्यांना माझ्यात मुरवायचा होता. त्यांच्या सासूबाई, धुरपदाबाई, मात्र भडकल्या.

"हा दारुड्या मले घरात नको! अन् आनलाच, त धुऊन उन्हात वाळव याले. लोनच्याची बरनी वाळवतोच ना आपन?"

वैशाखातलं ऊन बरणीला मानवतं, मला नाही. माझ्या फळ्या आक्रसल्या, कड्या ढिल्या झाल्या. सिरका भरायच्या दिवशी ताईंनी आधी पाणी ओतून पाहिलं, तर ते चहूबाजूंनी गळालं. ताईंना रडूच फुटलं.

"आत्याबाई, सगळी मेहनत बेकार गेली. आता चुलीतच घाला याला."

मी मनातून पार हादरलो. धुरपदाबाई माझ्या ढिल्या कड्या हलवून बघत होत्या.

"रडू नको, पोरी. गाडीचं चाक असं ढिलं झालं का आपन तापीत बुडवत होतो. हे बी लाकूडच हाय."

त्यांनी मला ट्रॅक्टरवर घालून तापीच्या राजघाटावर नेलं आणि दोर बांधून पाण्यात सोडलं. मित्रांनो, मी पोटभर प्यालो! फळ्या फुगल्या, गळती थांबली, आणि सिरका माझ्यात सुखानं मुरत पडला.

दिवाळीनंतर धुरपदाबाईंनी बोटावर घेऊन तो चाखला.

"मनुका टाकल्या का वं यात?"

"नाही, आत्याबाई. हा त्या पिंपाचाच गुण."

मित्रांनो, जुनी वस्तू बिघडली म्हणून लगेच मोडीत काढू नका. तिला काय हवं आहे, ते आधी बघा. मी आता सुखात आहे. ऊन तापलं की धुरपदाबाई माझ्या अंगावर ओलं गोणपाट टाकतात आणि विचारतात, "तहान लागली का रे, दारुड्या?"