लोकल नको

गिरणीला कुलूप लागल्यापासून अच्युतने सांवेर रोडवरच्या कितीतरी कारखान्यांचे उंबरठे झिजवले. "इंदूरचाच," म्हटलं की फाटक बंद! "लोकल आदमी नहीं चाहिए. आज सण, उद्या मयत, परवा युनियन," एका ठेकेदाराने तर तोंडावर सांगितलं. परमुलखातले मजूर स्टेशनमागच्या खोल्यांत दाटीवाटीने राहत आणि पडेल तितकं राबत. तक्रार करायची तर कुणाकडे?

शेवटी अच्युत खोटं बोलला. पाइपच्या कारखान्यात त्याने स्वतःला बुऱ्हाणपूरचा सांगितलं. आता रोज सकाळी तो स्टेशनमागून त्या मजुरांच्याच मॅटाडोर गाडीत चढे. घरी फक्त वसुंधराला, त्याच्या बायकोला, हे ठाऊक होतं. तिचा थोरला भाऊ वासुदेव त्याच गिरणीतून निघालेला. तो यांच्याच ओट्यावर बसून म्हणायचा, "बाहेरच्यांना हाकलल्याशिवाय आपल्याला काम मिळायचं नाही, अच्युतराव." अच्युत मान डोलवायचा.

त्या सकाळी वळणावर मॅटाडोर करकचून थांबली. रस्त्यात गिरणीतली माणसं लाठ्या घेऊन उभी होती, पुढे वासुदेव.

"सगळे खाली उतरा! नीचे उतरो!"

अच्युतने गमछा डोळ्यांपर्यंत ओढला. शेजारी उत्तर प्रदेशातल्या गोंड्याचा रामसजीवन होता, पहिल्या दिवसापासून आपल्या डब्यातली रोटी त्याच्यापुढे सरकवणारा. "चुप रहना भैया, हम बोल देंगे," तो कुजबुजला.

वासुदेव आत चढला. "हा कोण? तोंड का झाकलंय? कौन है ये?"

"बीमार है. हमारे साथ का है."

वासुदेवने रामसजीवनची कॉलर धरून त्याला गाडीच्या मागच्या फळीपर्यंत फरफटत नेलं. खाली कुणीतरी लाठी उगारली. तोंड उघडलं तर काम गेलं, हे अच्युतला स्वच्छ दिसत होतं. त्याने गमछा खाली ओढला.

"दादा, सोडा त्याला."

वासुदेव गर्रकन वळला. "अच्युतराव? तुम्ही यांच्यात लपून बसलात?"

"लपलो नसतो तर कुणी घेतलं असतं? तुमच्या बहिणीची चूल या गाडीवर पेटतेय. मारायचंच असेल तर आधी मला मारा."

लाठी तशीच हवेत राहिली. वासुदेवची पकड सुटली. तो उतरला, आणि त्याच्या हाताच्या इशाऱ्याने माणसं बाजूला झाली.

कारखान्याच्या फाटकावर ड्रायव्हरने तिथल्या ठेकेदाराच्या कानात सांगितलं. "तू तो यहीं का निकला," ठेकेदार म्हणाला, "जा. हिसाब शनिवार को." रामसजीवन तिथेच थबकला, पण भोंगा झाला, आणि मागून ढकलत आलेल्या घोळक्याबरोबर तोही आत गेला.

अच्युत पायीच परतला. वळणावर वासुदेव एकटाच सायकल धरून उभा होता.

"काढलं?"

"काढलं."

वासुदेवने वर न बघताच विचारलं, "वसूला काय सांगणार?"

"तुम्ही चला घरी," अच्युत म्हणाला. "तुम्हीच सांगा. मला नाही जमणार."

वासुदेवने सायकल वळवली. सायकलवर मात्र दोघांपैकी कुणीच बसलं नाही.