आधी कोरडं, मग नाव

किटलीचं झाकण खडखडलं आणि मी दचकले. समुद्राच्या बाजूने आलेल्या त्या धडाक्यानंतर सगळं घर गप्प होतं, पाच वर्षांची सुन्निवा आणि पाळण्यातलं बाळसुद्धा. तोरग्रिम बूट चढवत होता.

"जहाज गेलं एखादं. माणसं पाण्यात असतील."

"आणि बुडवणारी पाणबुडी? ती काय घरी गेली?"

"या युद्धात आपण तटस्थ आहोत, सिग्ने. नॉर्वेच्या होडीला कोण कशाला हात लावेल?"

"आपल्या जहाजांवर पुरुषभर अक्षरांत 'नॉर्वे' रंगवलं होतं. बुडवलीच ना?"

तो नुसता हसला आणि निघाला. एप्रिलचं पाणी माणसाला फार वेळ देत नाही. दोन तास मी खिडकी सोडली नाही. शेजारच्या योरुनकाकू लोकरीचे कपडे कवटाळून आल्या, तेव्हाही तिथेच होते.

"खिडकीत उभं राहून होडी लवकर येते होय? सूप चढव, पोरी."

होडी आली. तिच्यात पाच परके तरुण, ओठ निळे पडलेले. आमच्या किनाऱ्याची रीत आहे: समुद्रातून आलेल्याला आधी कोरडं द्यायचं, मग गरम, नाव-गाव सगळ्यांत शेवटी. म्हणूनच त्यांच्या अंगावरचे सैनिकी कोट मी माझ्या हातांनी सोलून काढले, तरी कुणी चकार शब्दाने विचारलं नाही.

तोरग्रिमही नखशिखांत भिजला होता.

"एकाला ओढताना मीच पडलो," तो म्हणाला. "याने कॉलर धरली. सोडलीच नाही."

तांबड्या केसांचा पोरगा होता तो, विशीचाही नसेल. होडीच्या कडेने त्याचा तळवा फाटला होता. मी धुतला, पट्टी बांधली आणि पेटीतले चांगले मोजे त्याच्या पायांत घातले.

"माझे लग्नातले?" तोरग्रिम कुरकुरला.

"ते घालणारा माणूस त्याने परत आणलाय. गप बस."

सूप संपल्यावर काकूंनी नाव-गाव विचारायला लावलं. पोरं जर्मन निघाली; तोरग्रिमने पूर्वी जर्मन बोटींवर काम केलेलं, त्याला त्यांची भाषा येत होती.

"तुमच्या बेर्गन बंदराला निघालो होतो," पोरगा सरळ सांगून मोकळा झाला. "तुमचं रक्षण करायला."

"आमचं?" काकूंचा चमचा हवेतच राहिला. "बोलावलं कुणी?"

गावच्या पोलिसाने ही खबर द्यायला राजधानीला फोन केला. मग त्या पाचांना जवळच्या शहरातल्या दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओने सांगितलं: बेर्गन जर्मनांच्या हाती पडलं. तोरग्रिमने माळ्यावरून सैनिकी पिशवी काढली, सुन्निवाचा आणि बाळाचा मुका घेतला आणि दुपारच्या आत लढायला निघाला.

बाळ झोपलंय तोवर हे लिहून ठेवते. काल तोरग्रिमला समुद्राने ठेवून घेतलं असतं, तर आज निरोप द्यायलाही माणूस नसता. एक संध्याकाळ, एक रात्र, एक सकाळ मला जास्तीची मिळाली. ज्याने दिली त्याचं नाव विचारायचंच राहिलं. त्याचे मानलेले आभार मी मागे घेणार नाही. कुणी काही म्हणो.

आत्ताच काकू सांगून गेल्या, शहरही पडलं. दवाखान्यातले ते पाच मोकळे झाले, त्यांना बंदुका मिळाल्या. सुन्निवा दाराआड उभी राहून ऐकत होती. ती येऊन माझ्या गुडघ्याला टेकली.

"आई, तो दादा आणि बाबा आता भेटले, तर काय करतील?"