उतरत्या पाण्याचा तक्ता

मित्रांनो, माझ्या पाठीवर अजूनही 'येथे पंक्चर काढून मिळेल' असे पुसट वाचता येते. तो माझा पहिला जन्म. दुसऱ्या जन्मी मी तक्ता झालो, आणि सांगण्यासारखे जे घडले ते याच जन्मात. उजनी धरणामागे तुंबलेल्या पाण्याच्या, म्हणजे फुगवट्याच्या काठी आमचे गाव आहे. मी तिथला एक जुना, कडेने गंजलेला पत्रा.

आमच्याकडे पाणी एका जागी थांबत नाही. उन्हाळ्यात ते उतरत जाते आणि शेतकरी आपल्या पाणी उपसायच्या मोटारी घेऊन त्याच्यामागे खाली खाली जातात. धरणाची पातळी रोज कळते, पण ती मीटरमध्ये. चारशे चौऱ्याण्णव मीटर म्हणजे आपल्या काठावर नेमके कुठे?

हा प्रश्न हिंदुरावांना पडला. एका उन्हाळ्यात ते आणि त्यांची बायको मथुराबाई रोज सकाळी काठावर जाऊ लागले. मथुराबाई पाण्याकडे बघून ओरडायच्या, "आज चिंचंचा बुंदा उगडा पडला. लिवा!" हिंदुराव माझ्या अंगावर डावीकडे पातळी लिहायचे आणि उजवीकडे खूण. पाणी उतरेल तसे वरून खाली. चिंचेचा बुंधा, मधला बांध, काळ्या खडकाचा माथा, काळ्या खडकाचा पाय, आणि सगळ्यात शेवटी, धरणात बुडालेल्या जुन्या चावडीचा चौथरा. अर्ध्या अर्ध्या मीटरला एक ओळ. मथुराबाईंना तेव्हा वाचता येत नव्हते. माझ्याच ओळींवर बोट फिरवून त्या अक्षरे शिकल्या. त्यांचा पहिला शब्द 'खडक'.

मग मोटारवाल्यांच्या संस्थेच्या भिंतीवर मला टांगले. लोक यायचे, डावीकडे आकडा शोधायचे आणि बोट सरळ उजवीकडे न्यायचे. संस्थेतले आबासाहेब म्हणायचे, "माज्या घड्याळापरास ह्यो पत्रा बरा. चावी द्याया लागत न्हाय." मी मनातल्या मनात फुगायचो.

पुढे हिंदुराव गेले. त्यांची सून रेश्मा संस्थेचा अहवाल संगणकावर ठेवू लागली. कोणाची मोटार, ती कोणत्या जागी आणि आजची पातळी किती, एवढेच त्यात असे. एके दिवशी तिने माझ्या सगळ्या ओळी संगणकात उतरवून घेतल्या. मी तिच्या मागेच भिंतीवर होतो. मला फार नवल वाटले, ते यंत्र माझे काय करणार?

मित्रांनो, तेही माणसासारखेच बोट फिरवते! आजचा आकडा माझ्या डाव्या बाजूत शोधते, त्यासमोरची खूण उचलते आणि अहवालात एका नव्या रकान्यात नेऊन ठेवते. त्या खुणेची मोटारीच्या जागेशी तुलना करून आणखी एक रकाना भरते, 'हलवा' किंवा 'राहू द्या'. जे अहवालात कोणी लिहिलेच नव्हते, ते माझ्यामुळे तिथे दिसू लागले.

पण ओळी संगणकात गेल्या, मग पत्रा कशाला? मथुराबाईंनी मला काढून नेले. "ह्यांच्या हातचा पत्रा हाय, ह्यांच्याच मोटारीला सावली करंल," त्या म्हणाल्या. काळ्या खडकावर हिंदुरावांनी घेतलेली मोटार होती. मथुराबाईंची केळीची बाग त्या एका मोटारीवर जगत होती. तिच्यावर मला आडवे ठेवून वर दगड ठेवले. बगळे माझ्यावर बसत आणि मला पांढरे करून जात.

त्या श्रावणात आमच्याकडे आभाळ कोरडेच होते. वरच्या धरणांचे पाणी मात्र नदीने खाली येत होते. फुगवटा गुपचूप चढू लागला. हल्ली मोटार घरूनच मोबाईलवर चालू होते, त्यामुळे काठाकडे कोणी फिरकले नाही. अहवाल रोज सांगत होता, 'खडकाचा पाय, राहू द्या.'

मी तर खडकावरच होतो. पाणी पाय सोडून केव्हाच वर आले होते. मग अहवाल असे का म्हणतो? विचार करता करता मला उमगले. आजचा आकडा माझ्या दोन ओळींच्या मधला होता. असा आकडा आला की संगणक खालची ओळ उचलतो. उतरते पाणी त्या ओळीकडेच जात असते, म्हणून उन्हाळ्यात ते निभावले. चढते पाणी मात्र तिला मागे टाकून आलेले असते. मला सगळे कळत होते, पण पत्र्याला तोंड कुठले?

दुपारी काठावरून रेश्माचा आवाज आला.

"आत्या, आकडा रोज चढतोय, आन् रकाना त्येच म्हन्तोय. खडकाकडं चला की!"

"तुजा कम्पुटर राहू द्या म्हन्तोय न्हवं? मग राहू दे की."

"अवो, असं कसं? आकडा हालला तर खूण हालाय नगो व्हय?"

दोघी आल्या, आणि मथुराबाईंचा चेहराच उतरला. पाणी खडकाच्या माथ्याला टेकले होते. मोटारीखाली ओल यायला लागली होती.

"रेश्मे, आदी वर जाऊन खटका पाड! आबासाहेब, तंबाकू मागनं मळा, दोर घिऊन या!"

आबासाहेब धावत आले. दगड भिरकावले गेले, मी पाण्यात पडलो आणि तळाला जाऊन बसलो. तिघांनी मिळून मोटार बांधावर ओढली. पाणी आत शिरले नव्हते. मथुराबाई तिच्यावर हात ठेवून खाली बसल्या.

रेश्मा गुडघाभर पाण्यात शिरून मला घेऊन आली. पदराने माझे अंग पुसून तिने वाचले.

"आत्या, ह्ये वरनं खाली का लिवलंय?"

"उतरत्या पान्याचं हाय त्ये. चढतं पानी दिसलं की मानूस मोटार घिऊन पळतंय, तक्ता कशाला वाचंल?"

रेश्मा हसली. "आत्या, मानूस पळतंय. कम्पुटर पळत न्हाय."

आता अहवाल आधी विचारतो, पाणी कालच्यापेक्षा चढले की उतरले? चढत असेल तर वरची ओळ घेतो. मलाही पुन्हा भिंतीवर जागा मिळाली आणि तिसरा रकाना मिळाला, 'चढतं पाणी'. त्यासाठी रेश्माने ब्रश मथुराबाईंच्या हाती दिला.

मित्रांनो, तक्ता जे सांगतो ते जरूर वापरा. पण मधूनमधून त्याच्याजवळ या. तुला कोणी लिहिले, कोणत्या दिवसांत लिहिले, एवढे विचारा आणि एकदा काठावर जाऊन बघा. माझे दोन रकाने हिंदुरावांच्या वळणदार अक्षरात आहेत. तिसऱ्यातला 'खडक' थोडा वाकडा आहे. रंग ओला होता तेव्हा आबासाहेब म्हणाले, "वैनी, खडक कलंडला की!"

"कलंडू द्या," मथुराबाई म्हणाल्या, "मोटार त्येच्यावर न्हाय आता."