मिसेस पेंगेली धोबीण होत्या

"आज जेवताना गप्प बस. कोणी काही विचारलं तर नुसती हस," गाडीत चढताना एझ्रा पेंगेलीने बायकोला बजावलं.

चारचौघांत नेताना बायकोला असा दम भरणारे नवरे कुठे नसतात? एझ्रा ऑस्ट्रेलियात लोकरीच्या धंद्यावर गबर झाला होता. लंडनमध्ये येऊन सहा महिने झाले होते. लॉर्ड रेव्हनशॉ त्याचं नाव आपल्या क्लबात सभासद म्हणून सुचवणार होते, आणि त्यासाठी वाटेल तो अपमान गिळायला तो तयार होता.

रेव्हनशॉंच्या घरी दुपारच्या जेवणाला बारा जण होते. "तुमच्याकडे काटे-चमचे असतात का हो, की सगळेच खाली मान घालून चरतात?" एका बाईंनी विचारलं. सगळे हसले. एझ्राही हसला. त्याची बायको केझाया मात्र हसली नाही.

मग लेडी रेव्हनशॉ कुरकुरल्या, "या टेबलक्लॉथची इस्त्री बघा. आमच्या धोबिणीने उकळत्या पाण्यात हात भाजून घेतला. दिली हाकलून. एका हाताची धोबीण काय कामाची?"

"तुमचेच कपडे धुताना भाजला ना?" केझायाने विचारलं. "डॉक्टर बोलावलात?"

"धोबिणीला डॉक्टर?"

एझ्राने टेबलाखाली तिचा पाय दाबला. तिने पाय काढून घेतला.

"मी अकरा वर्षं खाणकामगारांचे कपडे धुतलेत, बाईसाहेब. त्या कमाईतून याने पहिल्या मेंढ्या घेतल्या. ते खाणवाले दारुडे होते, शिवराळ होते. पण मी तापाने पडले तेव्हा माझ्या घरी पाणी त्यांनी भरलं. कोणी हाकललं नाही मला."

लॉर्ड रेव्हनशॉ हळूच म्हणाले, "पेंगेली, तुमच्या पत्नीला बरं वाटत नाहीसं दिसतंय. तसं सांगा, म्हणजे विषय मिटेल."

नुसती मान हलवायची होती. पण एझ्राच्या अंगाचा तिळपापड झाला. जिच्या कष्टांवर आपण उभे राहिलो, तिलाच आपण लपवत होतो!

"तिला काही झालेलं नाही," तो उठत म्हणाला. "ती खरं तेच बोलली. लाज मला वाटायला हवी. त्या धोबिणीचं नाव काय?"

लेडी रेव्हनशॉ नवऱ्याकडे बघू लागल्या. चार वर्षं ती बाई त्यांचे कपडे धूत होती, आणि नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी वाढणारा म्हातारा नोकर म्हणाला, "डॉर्कस फिप्स, साहेब. नदीपलीकडे, कातडी कमावण्याच्या कारखान्यामागे."

त्याच दुपारी नवरा-बायको डॉक्टरला घेऊन तिथे गेले. डॉर्कसची दोन बोटं गेली, हात वाचला. क्लबात एझ्राचं नाव कोणी सुचवलं नाही, आणि त्यानेही पुन्हा विचारलं नाही.

मंडळी, कपडे धुण्यात कसली आलीय लाज? दुसऱ्याने धुतलेलं अंगावर घालून त्याचं नावही न विचारणं, लाज वाटायला हवी ती याची. आणि अशा पंगतीत आपल्याला जागा मिळावी म्हणून जो आपल्याच माणसाला गप्प बसवतो, त्याला तर अधिकच.