शिवरामच्या गाडीचं रक्त

कुळगावातल्या एका अंगणात शनिवारी दुपारी माणसं एका मोटारीच्या पाया पडत होती. अंबरनाथ एमआयडीसीतली पहिली पाळी संपवून आलेले कामगार रिक्षातून थेट फाटकाशी उतरत, चपला बाहेर काढत आणि ओणवे होऊन बंपरला कपाळ टेकवत. गाडी जुनी, पांढरी, दारांच्या खालच्या कडा गंजलेल्या. बॉनेटवर झेंडूचा हार, पोटाखाली पितळी परात. परातीत काळा थेंब पडला की बायका हात जोडत आणि पुरुष मोबाइल वर करत.

"ऑइल समजू नका," चिंतामणी महाराज सांगत होते. "ऑइल गॅरेजवाल्याला दिसतं. भक्ताला दिसतं ते रक्त. शिवराम बोलतोय तुमच्याशी. आत्म्याला जखम झाली की रक्त काळं येतं, काय?"

महाराज उल्हासनगरहून यायचे, कफनीखाली जीन्स घालून. मेलेला माणूस इंजिनातून का बोलेल, आणि बोलायचंच तर थेंबाथेंबाने का बोलेल, हे त्यांना कुणी विचारत नव्हतं. उलट थेंबाबरोबर धूर निघाला की तो आत्म्याचा श्वास आहे, असं ते न विचारता सांगायचे. दर शनिवारी घरच्यांकडून इंजिनात नवं तेलही ओतून घ्यायचे. शनीला तेल वाहतात तसं हे शिवरामला, म्हणे. थेंब संपू नयेत याची एवढी काळजी घेणारा आत्मा मी तरी दुसरा पाहिला नाही.

माझा दवाखाना त्याच गल्लीच्या तोंडाशी आहे. आधीच्या शनिवारी या घरची सून मनाली उजवा तळवा वर धरून माझ्याकडे आली होती. तळव्याची कातडी फोडांनी भरली होती. सून शुद्ध असेल तर रक्त तिच्या तळहातावर थंड होईल, असं महाराज म्हणाले होते. सायलेन्सरवरून गळणारं तेल तळहातावर थंड कसं होईल? भर अंगणात तिचं मनगट तिच्या नवऱ्याने, कैलासने, धरून ठेवलं होतं. मलमपट्टी होईपर्यंत तो बाहेरच्या बाकावर बसून मोबाइल बघत होता.

तिने सांगितलं ते असं. शिवराम तिचा सासरा. छातीत कळ आली तेव्हा सासू शालनबाई चिखलोलीला बहिणीकडे गेल्या होत्या. घरात गाडी चालवता येणारी मनाली एकटीच, म्हणून तिनेच त्यांना पुढच्या सीटवर बसवून हॉस्पिटलकडे नेलं. वाटेतच ते गेले. तेराव्याला पाहुणे येणार म्हणून कैलासने अंगण झाडलं, धुतलं, लखलखीत केलं. दुसऱ्या दिवशी धुतलेल्या फरशीवर काळे डाग. शालनबाईंनी टाहो फोडला, की ही बया त्यांना घेऊन गेली त्याच जागी रक्त पडतंय. मग महाराज आले. सासू गाडीत बसली की थेंब नाही, सून बसली की धार, असा निवाडा दर शनिवारी व्हायला लागला. पुढचा शनिवार शेवटचा. तेव्हाही गळलं तर तिने घर सोडायचं. त्याप्रमाणे आज सकाळीच शालनबाईंनी तिची बॅग फाटकाशी आणून ठेवली होती.

"मग जा की," मी तिला म्हणाले होते. "असल्या घरात राहायचंय कशाला?"

"जायला मी केव्हाही तयार आहे, मॅडम. पण आत्ता गेले तर पप्पांना मीच मारलं असं ठरेल. जन्मभर."

मला संताप आला, आणि संताप आला की मी शांतपणे प्रश्न विचारते. तुझ्या पाळीच्या आधी तो माणूस काय करतो? नजर काढतो आणि लिंबू बॉनेटच्या आत ठेवतो, ती म्हणाली. आणि सासूची पाळी आधी असते की नंतर? आधी. मोठ्या ना त्या.

माझीही गाडी म्हातारी आहे आणि तीही गळत आली आहे. शिवाय डॉक्टरला एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवतात. रक्त जिथून टपकतं तिथेच जखम असेल असं नाही. आधी धुवा, पुसा, मग बघा कुठून येतंय.

तर त्या शनिवारी मीही रांगेत उभी राहिले. नंबर लागल्यावर हात जोडून म्हणाले, "महाराज, आज निकाल आहे आणि इंजिन हे असं चिकट. आत्म्याला आधी स्नान घाला, वर भस्म लावा. मग बघा, रक्त कसं उठून दिसेल."

"बरोबर बोलल्या डॉक्टरबाई," रांगेतली गंगूमावशी म्हणाली आणि चारजणांनी माना हलवल्या. महाराजांचं तोंड कडू झालं. पण स्नानाला आणि भस्माला नाही म्हणणारा महाराज अजून जन्मायचा आहे.

इंजिन थंड होतं. मी डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्यांनी ते वरपासून खालपर्यंत पुसलं, कोरडं केलं. मनालीने डाव्या हाताने मदत केली. मग मी पर्समधून लहान मुलांच्या पावडरचा डबा काढला आणि सगळ्या इंजिनावर ती भुरभुरली. गर्दीने जयजयकार केला. असा चोख विधी त्यांनी पाहिला नव्हता.

पहिली पाळी शालनबाईंची. त्या पदर सावरून बसल्या, किल्ली फिरवली, इंजिन थोडा वेळ घुरघुरलं. परात कोरडी. "बघा, पतिव्रता!" महाराज म्हणाले.

मग त्यांनी अर्धं लिंबू मनालीवरून ओवाळलं आणि मंत्र पुटपुटत बॉनेटमध्ये वाकले. मी शेजारीच उभी होते. मंत्र चुकत होता, पण बोटं चुकली नाहीत. एका झटक्यात त्यांनी रबराचा एक पाइप ओढून काढला, त्याच्या तोंडात लिंबू कोंबलं आणि पाइप परत जागेवर दाबला. तो हात देवळातला नव्हता, गॅरेजमधला होता. महाराज बॉनेट लावायला निघाले. मी त्याच्या कडेला कोपर टेकवून उभी राहिले.

"राहू दे उघडं. सगळ्यांना दर्शन होऊ दे."

मनालीने किल्ली फिरवली. मी लोकांना पुढे बोलावलं आणि म्हटलं, परातीकडे नाही, वर बघा. आधी काहीच झालं नाही. मग इंजिन तापलं, आणि सगळ्यात वरच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यात पांढरी पावडर ओली झाली. तिथून काळी रेघ निघाली, कडेने उतरली, तापलेल्या सायलेन्सरवर गेली. धूर झाला. मग ती खाली घरंगळली आणि थेंब परातीत पडला. त्याची सगळी वाट पावडरीवर उमटली होती.

मी इंजिन बंद करायला लावलं, पाइप ओढून काढला आणि लिंबू सगळ्यांसमोर धरलं.

"इंजिनाला श्वास सोडायला हा पाइप असतो," मी म्हणाले. "तो बुजवला की आत दाब वाढतो. वरच्या झाकणाचं पॅकिंग म्हातारं आहे, कडक झालंय. दाबाने तेल तिथून बाहेर येतं. बाई कोण बसलीय हे इंजिनाला कळत नाही. लिंबू आहे की नाही, एवढंच कळतं."

इंजिन पुन्हा पुसून, पावडर टाकून, पाइप मोकळा ठेवून मनालीलाच बसवलं. इंजिन कितीतरी वेळ चाललं. कोपरा जरासा ओलावला, पण परातीत काही पडलं नाही.

महाराज फाटकाकडे सरकले होते. पण मघाशी ज्यांनी कपाळ टेकवलं त्यांनीच त्यांना धरून आणलं. इंजिन चालूच होतं. कुणीतरी लिंबू परत पाइपात खुपसलं. महाराजांचं मनगट पकडून हात गाडीखाली धरला. हात पकडणाऱ्यांत कैलास सगळ्यात पुढे होता, सवय होती त्याला. महाराज रडायला लागले, उल्हासनगरच्या गॅरेजात कामाला होतो, मालकाने काढलं, असं काहीबाही सांगायला लागले. खरं सांगते, मला दया आली नाही. मी बघत उभी राहिले.

मनालीने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून मुठीत ठेवली.

मग गंगूमावशीने विचारलं, "पण शिवराम होता तवा डाग कसं नव्हतं गं पडत?"

"पडायचे," मनाली म्हणाली. "खाली पुठ्ठा असायचा. तेराव्याला अंगण धुतलं तेव्हा तो फेकला गेला."

"मग तू आधी का नाय बोललीस?"

"बोलले होते. आईंना. पुठ्ठा त्याच घालायच्या ना."

सगळे शालनबाईंकडे वळले. त्यांनी नजर चुकवली नाही.

"घालायची मी," त्या म्हणाल्या. "दर पंधरा दिवसांनी नवा. माहीत होतं मला तेल गळतं ते. पण जाताना त्यांनी शेवटचं तोंड हिचं बघितलं. माझं नाही."

पाइपातलं लिंबू मला काढता आलं होतं. यावर माझ्याकडे औषध नव्हतं.

कैलासने बॅग उचलली आणि आत न्यायला निघाला. मनालीने ती त्याच्या हातातून डाव्या हाताने काढून घेतली, किल्ली बॉनेटवरच्या हारापाशी ठेवली. "आता जाते," ती म्हणाली. "आता मला कुणी काही म्हणणार नाही." मी तिला सोबत घेऊन पोलिसांकडे गेले. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे आणि भाजलेल्या तळव्याचा दाखला मीच दिला. तक्रारीत महाराजांच्या नावाखाली तिने कैलासचं आणि सासूचंही नाव घातलं.

नंतर कैलासने पॅकिंग बदलून घेतलं. मेकॅनिक घरी आला, चहा पिऊन गेला, तेवढंच काम होतं. आता गाडीखाली एकही डाग पडत नाही, आणि ती चालवायला घरात कुणी नाही.

लोक मला विचारतात, एवढी शिकलेली माणसं फसली कशी? मी म्हणते, फसली नाहीत, त्यांना तेच हवं होतं. म्हणून एवढंच सांगते. उद्या तुमच्या अंगणात डाग दिसला तर त्याच्या जवळच्या माणसाकडे बोट दाखवू नका. आधी पुसा. पावडर टाका. मग मान वर करा आणि बघा कुठून गळतंय. आणि वर बघताना एखादी बाई भाजून निघत असेल, तर इंजिन आधी बंद करा.